तळ्यावरची सवत

२४ जानेवारी २०१०, रविवार

ही वही विद्यापीठाची आहे. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेत. तारीख, किती वाजता दिसली, कुठल्या बाजूला, मिनिटाला किती वेळा. आभाळातल्या विजेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई आज सकाळच्या होडीनं गेल्या आणि जाताना एक घड्याळ, एक टॉर्च आणि ही वही माझ्या हातात कोंबून गेल्या. म्हणाल्या, "एर्सिलियामावशी, तळ्यातल्या खांबांवर उभ्या अख्ख्या बोका पार्दात तुमचं घर शेवटचं. पुढे नुसतं पाणी. तुमच्या चुलीसमोरच्या फळ्यांवर उभं राहिलं की नैर्ऋत्येला मध्ये काही येत नाही. रोज रात्री बघायचं आणि लिहायचं, एवढंच."

बघायचं काय? लिहायचं काय? वीज आहे कुठे?

आमच्या संताच्या, सान बेनितोच्या उत्सवाचे ढोल वाजले त्या आठवड्यात ती शेवटची दिसली. त्याला आज अठरा दिवस झाले. मला पंचावन्न वर्षं पूर्ण झाली, पण काळीकुट्ट रात्र म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. नदीच्या मुखावर रोज संध्याकाळी ढग जमायचे आणि पहाटेपर्यंत पेटत राहायचे. त्या उजेडात माझ्या आईनं मला न्हाऊ घातलंय, मी मासे साफ केलेत, मुलीच्या डोक्यातल्या उवा काढल्यात. घरात दिव्याची गरज फक्त कपाटामागे काही पडलं तर.

आणि त्याच उजेडानं अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा नेला.

नेरिओ रोज जेवण झालं की त्या फळ्यांवर जाऊन बसायचा, पाय पाण्यावर सोडून. मी आतून हाका मारायची. तो "आलो, आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. ढग पेटला की हा गप्प. माझ्याकडे त्यानं तसं कधी बघितलं नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. मी तिला सवतच म्हणायची, त्याच्या तोंडावर. तो हसायचा.

तो गेल्यापासून रोज रात्री मी तिथे उभी राहून तिला शिव्या देते. शेजाऱ्यांना सवय झालीय. आणि आता ही बया न सांगता निघून गेली. माझं बोलून संपलेलं नाही.

चारही रकाने कोरे.

२७ जानेवारी

आज दोन परदेशी आले, नवरा-बायको, वीज बघायला. तीन रात्री डॉन अब्दोनच्या घरी राहणार होते. डॉन अब्दोनचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर तो पाहुणे ठेवतो. त्याच्याकडे डास चावतात अशी तक्रार करत ते माझ्याकडे आले. बाई मोडक्यातोडक्या भाषेत म्हणते, "आम्ही दोन विमानं बदलून आलो. तुमची वीज कधी सुरू होते?"

मी काय तिला डब्यात झाकून ठेवलीय?

मी म्हणाले, "चांदण्या बघा. चांदण्या आम्हाला पण नवीन आहेत." तर तिनं डॉन अब्दोनला जाऊन सांगितलं की ही म्हातारी उद्धट आहे. म्हातारी!

रकाने कोरे.

३१ जानेवारी, रविवार

एवढा निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नाही.

आज सगळ्या पुरुषांनी सान बेनितोची मूर्ती होडीत बसवली, सात ढोल घेतले, आणि नदीच्या मुखापर्यंत वाजवत गेले. कशासाठी? तर ती परत यावी म्हणून. डॉन अब्दोन मेणबत्ती घेऊन माझ्या दारात आला. "एर्सिलिया, तूही चल. तुझ्या घरून तिच्यावर नजर असते, तू नवस बोललीस तर..."

मी म्हणाले, "माझा नवरा मारणारी पळून गेली म्हणून मी मिरवणुकीत नाचू?"

"अगं, पण पोरं अंधारात चाचपडतायत पाण्यावर. ती होती तर घर कुठल्या बाजूला ते कळायचं."

"मग होकायंत्र घ्या!"

मेणबत्ती तेवढी घेतली. चुलीपाशी लागते.

होडीच्या टोकाला तेमिलो उभा होता, मूर्तीला धरून. तेमिलो म्हणजे नेरिओचा जोडीदार, माझ्या मुलीचा, नेर्वाचा, धर्मपिता. दोघं एकाच होडीत वीस वर्षं मासे धरत होते. त्या रात्रीही एकाच होडीत होते. हा परत आला, तो नाही आला. याचा डावा कान तेवढा बहिरा झाला. मी विचारलं होतं, "ढग अंगावर आलेला दिसत असताना थांबलात कशाला? शेवटचं जाळं ओढायला?" तर मान खाली घालून म्हणाला, "हो वहिनी. मीच म्हटलं, एक जाळं राहिलंय."

एका जाळ्यापायी! मी ते विसरलेले नाही. आणि आता हा सान बेनितोला धरून उभा.

२ फेब्रुवारी

नेर्वा आली होती, किनाऱ्यावरून. केळी, साबण, माझी रक्तदाबाची गोळी. तिचं तेच तुणतुणं. "आई, तू एकटी या खांबांवर काय करतेस? आमच्याकडे ये. आमच्याकडे खाली जमीन आहे."

"जमिनीवर मला झोप लागत नाही. ती हलत नाही."

"वीज पण गेली आता. इथे आहे काय तुझं?"

मी तिला म्हणाले, वीज गेली त्याच्याशी माझा काय संबंध? तर माझ्याकडे बघून म्हणते, "महिनाभर झोपली नाहीयेस तू. डोळे बघ."

झोप कशी लागणार? इतका अंधार! डोळे मिटले काय, उघडे काय, सारखंच.

१० फेब्रुवारी

काल संध्याकाळी गेलेली डॉन अब्दोनच्या पुतण्यांची होडी आज दुपारी आली. दोघं भाऊ रात्रभर गोल गोल फिरत होते. पेट्रोल संपलं, मग हातानं वल्हवत राहिले आणि उजाडल्यावर बघतात तर पलीकडच्या किनाऱ्याच्या लव्हाळ्यात. धाकट्याचे ओठ फुटलेले. त्यांची आई रडून रडून बसलेली.

दुपारी सगळं गाव माझ्या फळ्यांवर. खांब वाकतील एवढी माणसं. डॉन अब्दोन पुढारी.

"एर्सिलिया, तुझं घर टोकाला. तुझ्या छपरावर मोठा कंदील टांगायचा. रोज रात्री, उजाडेपर्यंत."

"आणि जागायचं कुणी?"

 मग मागून तेमिलो म्हणाला, जोरात, कारण त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, "वहिनी जागीच असते."

सगळ्या गावासमोर! याला काय माहीत मी जागी असते की नाही? म्हणजे हा बघतो का आमच्या घराकडे रात्री?

मी चांगलं सुनावलं सगळ्यांना. अकरा वर्षांत माझ्या गळक्या छपराची आठवण कुणाला झाली नाही, आता छपरावर कंदील टांगायला आले. त्या रांडेनं टाकलेलं काम मी उचलायचं? तिच्या जागी मी?

मग धाकट्या पुतण्याकडे लक्ष गेलं. फुटलेल्या ओठांवरून पाणी हनुवटीवर सांडत होतं, तरी तो पितच होता.

कंदील उद्या येतोय.

११ फेब्रुवारी

लावला. साडेसहाला. तीनदा काच पुसावी लागली. चार होड्या बाहेर होत्या, चारही आल्या. चौथी येईपर्यंत पावणेचार वाजले. कुणी आभार मानले नाहीत, नुसता हात वर केला.

डॉक्टरीणबाईंचे रकाने कोरेच. पण वेळ लिहायची सवय लागली आहे, म्हणून लिहिलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

तेमिलोबद्दल एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

रॉकेल आणायचं काम गावानं त्याला दिलं. दिलं की त्यानंच मागून घेतलं देव जाणे. आठवड्याचं एकदम आणून टाकावं की नाही? नाही. हा रोज संध्याकाळी पाच वाजता एक बाटली घेऊन येतो. एक! मग बाहेर फळ्यांवरच्या खोक्यावर बसतो.  मी कंदील भरते, काच पुसते, वात कापते, हा बघत बसतो, मी रॉकेल पिऊन टाकेन अशी भीती असल्यासारखा. काल कठड्याची सैल फळी न विचारता ठोकून दिली. परवा छपरावर चढून दोन पत्रे बदलले. मी म्हणाले, "तुला सांगितलं कुणी?" तर म्हणाला, "कंदील भिजेल."

पाऊस कुठाय भिजायला? तळं खांबांवरून हातभर उतरलंय. खालची शेवाळलेली लाकडं उघडी पडलीयत, घाण वास येतो.

वास जावा म्हणून मी नारळात मासळी शिजवली. जास्त झाली. फेकून द्यायची का, म्हणून त्याला वाढली. दोनदा घेतली मेल्यानं.

४ मार्च

रेडिओवर सांगितलं की देशभर दुष्काळ आहे, धरणं आटलीत, शहरांत तासन्‌तास दिवे जातात. आमच्या विजेचं पण सांगितलं. एवढे दिवस ती कधीच थांबली नव्हती, असं कोणीतरी म्हातारा म्हणाला. मग एका बाईनं तिच्यावर कविता वाचली. 'रात्रीची राणी' वगैरे.

रेडिओ बंद केला. कविता! नेरिओला आणलं तेव्हा त्याच्या पायातला बूट फाटून उलटा झाला होता. त्याच्यावर करा कविता.

बाहेर जाऊन बघून आले तरी. काही नाही. दहा वाजता परत बघितलं, बारा वाजता परत. रकान्यासाठी बघावं लागतं.

१२ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई परत आल्या. इस्मेनिया नाव त्यांचं. डोंगरातल्या आहेत, पाण्याला घाबरतात, होडीतून उतरताना माझ्या गळ्यातच पडल्या. वही मी दाखवली नाही. म्हणाले, "लिहिण्यासारखं काही नव्हतं, रकाने कोरे आहेत." खोटं नव्हतं.

त्या म्हणाल्या की तिकडे दूर पॅसिफिकचं पाणी तापलंय, त्यामुळे आमच्याकडचे वारे आणि पाऊस बिघडलेत. पाऊस आला की वीज येईल. मी म्हणाले, "तुम्हाला तिची एवढी काळजी का?" तर म्हणतात, "मावशी, मी सात वर्षांची असताना वडिलांनी घाटातून दाखवली होती. इतक्या लांबून, आवाज नाही, नुसता उजेड. मला वाटलं, तिकडे कुणाच्या तरी घरी सण आहे."

सण! मी पातेलं आपटलं.

१३ मार्च, शनिवार, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी इस्मेनियाबाईंनी तेमिलोला माझ्याच घरी बोलावलं. विजेच्या तडाख्यातून वाचलेल्या माणसांचं म्हणणं त्या यंत्रावर टिपून घेतात. मी मागे केळी तळत होते. मध्ये बोरूचा कूड आहे, आणि तेमिलो बोलतो म्हणजे पलीकडच्या गावाला ऐकू जातं. त्याला वाटलं मी डॉन अब्दोनकडे गेलेय.

त्यांनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही जाळं ओढत होतात?"

"नाही," तो म्हणाला. "जाळी कधीच होडीत घेतली होती. आम्ही परत निघालो होतो."

मी झारा खाली ठेवला.

"मग?"

"नेरिओनं इंजिन बंद केलं. मी म्हटलं, काय झालं? तो उभा राहिला. वर बघत. तसली वीज मी परत पाहिली नाही, बाई. पडत नव्हती, आडवी पसरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडाच्या मुळ्या पसरतात तशी, आणि विझतच नव्हती. त्यानं टोपी काढली. मी ओरडलो, खाली बस. तीनदा ओरडलो. तो म्हणाला, एवढी एकच बघतो."

 मग बाईंनी विचारलं, घरी काय सांगितलं? तो म्हणाला, "वहिनीनं विचारलं जाळ्यामुळे का. मी हो म्हटलं. तेव्हा तेच सोपं होतं."

एवढी एकच बघतो.

मी घरी होते. नेर्वाला ताप होता. मी भात झाकून ठेवला होता. हे त्याच्या ध्यानात नव्हतं, की ध्यानात असूनही तो उभा राहिला?

आणि हा दुसरा! अकरा वर्षं मला एका खोट्यावर चिडत ठेवलं. मी याला चर्चच्या दारात, भर बाजारात काय काय बोलले, आणि हा मान खाली घालून ऐकत राहिला. कुणी सांगितलं होतं याला? मी काय लहान मूल आहे?

मी बाहेर आले नाही. तो रॉकेलची बाटली दारात ठेवून जाळी टाकायला गेला. आज बाकी कुणी पाण्यावर नाही, दुकानात लग्नाचं जेवण आहे, इस्मेनियाबाईही तिकडेच गेल्यात. तेमिलो एकटाच गेलाय.

जाऊ दे. कंदील लावलेला नाही. लावणारही नाही.

१४ मार्च, रविवार

आला नाही.

१४ मार्च, रात्री

डॉन अब्दोनच्या होडीतून दिवसभर शोधलं. मीही गेले. पुरुष म्हणाले, तू घरी थांब, मी कुणाचं ऐकलं नाही. सगळ्यांनी विचारलं की काल कंदील होता ना? मी म्हणाले, "नव्हता. मी लावला नाही." डॉन अब्दोनचं तोंड उघडंच राहिलं. "लग्नात होतो म्हणून आम्ही बघितलं नाही. पण तू? का?" मी म्हणाले, "ते मी त्यालाच सांगेन."

डॉन अब्दोननं मान वळवून इंजिन परत सुरू केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाव नको तेव्हा सभ्यपणा करतं.

आज साडेपाचपासून कंदील लावलाय. दुसरा छोटाही शेजारी टांगला. इस्मेनियाबाई माझ्याबरोबर जागतायत. त्यांना सगळं कळलंय बहुतेक. विचारत काही नाहीत. ढगाचा मागमूस नाही. आज ती असती तर अर्धं तळं दिसलं असतं. नको तेव्हा रोज हजर होती. आज एका माणसासाठी पाच मिनिटं आली असती तर तिचं काय जात होतं?

माझं काय जात होतं, काडी ओढायला?

१५ मार्च, सोमवार

सापडला. जिवंत आहे.

दक्षिणेला जिथे जुना ओहोळ मिळतो तिथल्या चिखलात होडी रुतलेली, आणि हा होडीशेजारी उताणा, तोंडावर शर्ट टाकून. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं म्हणून पाण्यात उतरला तेव्हा उजवा पाय कापून घेतला, टाचेपासून वर. शर्टाची बाही बांधलेली. अंगाची कातडी उन्हानं सोललेली.

मीच पहिली उतरले. गुडघाभर चिखल. मी म्हणाले, "मेल्या, घर उत्तरेला आहे!"

त्यानं शर्ट बाजूला करून डोळे उघडले. म्हणाला, "उजेड दिसला. वाटलं तुझा कंदील. रात्रभर वल्हवत राहिलो." बोट केलं तिकडे किनाऱ्यावर कुणाचं तरी कुरण जळून काळं झालेलं, अजून धूर निघत होता. सुकलेलं गवत पेटलं होतं. हा त्या आगीकडे रात्रभर वल्हवत आला.

मग त्यानं विचारलं, "वहिनी, कंदील वाऱ्यानं विझला का?"

सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "लावलाच नव्हता. तू बाईंना सांगितलंस ते सगळं ऐकलं मी, म्हणून."

तो कोपरावर उठला. मग म्हणाला, "हं. पाणी आहे का?"

बस. एवढंच! माणूस मरता मरता वाचला, आणि म्हणतो हं. ओरडावं की नाही? हात उगारावा की नाही? मी घोटघोट पाणी पाजत होते आणि मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. संतापानंच.

२३ मार्च

पायाला सोळा टाके. नर्स म्हणाली, पाण्यात जायचं नाही, पाय वर ठेवायचा. त्याच्या घरी एकटाच, पाण्यात न उतरता राहणार कसा? त्याच्या घराची शिडी मोडलेली. स्वतःची शिडी मोडकी ठेवून हा माझे पत्रे बदलत होता! म्हणून इथेच आणला. नेर्वाच्या खोलीत झोपतो. घोरतो.

मी आज विचारलं, "खोटं का बोललास?"

त्यानं पायाखालची उशी सरळ केली. मग म्हणाला, "तुला काय सांगणार होतो? की घर दिसत असताना तो थांबला म्हणून?"

"हो. तेच सांगायचं."

"मग तू कुणावर चिडली असतीस?"

याला उत्तर नसतं असं त्याला वाटत असेल. असतं. मी नेरिओवर चिडले असते. अकरा वर्षं उशिरा सुरुवात केलीय, पण जोरात चिडतेय. काल त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. आज परत वळवला. त्याच्या डोळ्यांत बघून बोलता आलं पाहिजे.

३० मार्च

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा म्हणून नेर्वा आज दिवसभरासाठी नवऱ्याला घेऊन आली. दारातूनच तेमिलोच्या थाळीकडे बघितलं.

"काका आता इथेच जेवतो?"

"कुठे जेवणार? पाय कापलाय."

"पाय. हं."

सगळ्यांना 'हं' म्हणायची सवय लागलीय. जाताना या वेळी 'किनाऱ्यावर ये' म्हणाली नाही, ते एक विसरली वाटतं. नदीचं पाणी वाढलंय म्हणाली. वर डोंगरात दोनदा पाऊस झाला.

१० एप्रिल, शनिवार, पहाट

काल रात्री आली.

आठ वाजले होते. कंदील लावून झाला होता. तेमिलो खोक्यावर, पाय दुसऱ्या खोक्यावर. नैर्ऋत्येला ढग होते, पण ढग आठवडाभर होते आणि काही करत नव्हते. मग एका ढगाच्या पोटात फिकट काहीतरी हललं. आवाज नाही. मला वाटलं परत कुणाचं कुरण पेटलं. तेमिलोनं पाय खोक्यावरून खाली घेतला. परत हललं. या वेळी ढगाची कड दिसली, आतून नारिंगी, पिकलेल्या पपईसारखी.

गावात कुणीतरी पातेलं बडवायला लागलं. मग सगळीच पातेली. कुत्री, ढोल, डॉन अब्दोन छपरावर चढून रडतोय, म्हाताऱ्या बायका गुडघ्यांवर. मी म्हणाले, "बघ, आली मिरवत. तीन महिने कुठे काळं केलं होतंस?" मोठ्यानं म्हणाले. वही आणि घड्याळ घेऊन आले. आठ दहा, नैर्ऋत्य, मिनिटाला चार. आठ वीस, मिनिटाला अकरा. साडेआठला अठ्ठावीस. पुढचं वाचता येत नाही.

अकराच्या सुमारास ती नदीचं मुख सोडून तळ्यावर सरकली, आमच्याकडे. वारा पडला. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं आणि त्यात सगळं आभाळ उलटं दिसायला लागलं. खाली वीज, वर वीज, मध्ये आमचं गाव, खांबाखांबासकट. ती पडत नव्हती. आडवी पसरत होती. एक फांदी फुटायची, तिला दुसरी, तिला दहा, आणि टोकं कुठे संपतात ते बघायला मान पूर्ण फिरवावी लागायची. जांभळी, मग पांढरी, मग ज्याला मी काही नाव देऊ शकत नाही असली. माझ्या हातावरचा एकेक केस मला दिसत होता. गडगडाट कानांत नव्हता, पोटात होता, पायाखालच्या फळीत होता. तीन महिन्यांचा अंधार तिनं एका दमात फाडून टाकला. आणि मला वाटत होतं, हिला काय म्हणायचं आता, सुरुवात कुठून करायची. तेवढ्यात ती डोक्यावर आली, इतकी मोठी, इतकी, की माझ्या तोंडातून शब्द फुटेना. वही खाली पडली ते कळलं नाही. मी शेवटच्या फळीवर उभी होते ते कळलं नाही. कधी गेले, आठवत नाही. पुढची कशी असेल, एवढंच डोक्यात होतं.

"एर्सिलिया! खाली बस!"

सोळा टाक्यांच्या पायानं धावत आला. मनगट धरून असं ओढलं की मी आपटलेच. गडगडाटाच्या वर त्याचा आवाज. "बस म्हणतो ना! बस!"

मी म्हणाले, "ओरडतोस कुणावर?"

"तुझ्यावर!"

अकरा वर्षांत वहिनीशिवाय शब्द काढला नाही, आणि काल तोंड वर करून सरळ नाव. भर गावात, ढोल थांबलेले असताना. चेहरा बघण्यासारखा होता. भिऊन पांढराफटक झालेला. चिखलात सापडला तेव्हा चिडला नाही, तो काल चिडला.

मी बसले.

तोही शेजारी बसला, कुडाला टेकून, छपराखाली. मनगट सोडलं नाही. मग पाऊस आला, पत्र्यावर दगड पडावेत तसा, आणि कंदील विझला. दोघांपैकी कुणीही उठून लावला नाही. गरजच नव्हती, सुईत दोरा ओवता आला असता. ती अशी तीनपर्यंत डोक्यावर होती, मग हळूहळू परत नदीकडे गेली आणि तिथून लुकलुकत राहिली, काही झालंच नाही अशी. मी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. तेमिलोनंही बघितलं. बसून.

त्याची जखम एका जागी उसवलीय. मूर्ख माणूस. नर्सला बोलवावं लागेल. सोमवारी नेर्वा परत येतेय, दारातूनच तिच्या सगळं लक्षात येईल आणि ती 'हं' म्हणेल. तिला काय सांगायचं ते तेमिलोनं ठरवावं. मी एक शब्द बोलणार नाही. ओरडता येतं ना त्याला आता.